सल्ला हवा आहे: पेटी वाजवताना मान-खांदा धरतो. अय्यंगार योग, अलेक्झांडर की फिजिओ?

काळी_चार
नमस्कार. मी भजनाला आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो. वय ४६. दिवसा हिशेबाची नोकरी, म्हणजे संगणकापुढे, आणि संध्याकाळी मांडी घालून पेटीपुढे. वर्षभरापासून मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत आखडतं. मध्यंतरानंतर गायकाकडे मान वळवून बघणंसुद्धा जड जातं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. "बसायची पद्धत सुधारा" म्हणाले. ती सुधारायची कशी, हेच विचारायचं आहे. ताठ बसलो की दोन अभंगांत पाठ भरून येते, लक्ष गाण्यात गेलं की पुन्हा पोक.

अय्यंगार योग, अलेक्झांडर टेक्निक, फेल्डनक्रायस (सावकाश, छोट्या हालचालींतून शिकवतात ती पद्धत), पिलाटेस (पोट-पाठ बळकट करणारे व्यायाम) ही नावं वाचली आहेत. राहायला पुण्यात. वादक, गायक, नर्तक, खेळाडू यांपैकी कुणी यातलं काही शिकलं असेल तर अनुभव सांगा. घरी आई आहे, ७२ वर्षांची. तिला खुर्चीतून उठायला त्रास होतो. तिच्यासाठीही सुचवा.

वैद्य_नव्हे_फिजिओ
आधी एक प्रश्न. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, किंवा झोपेतून जागं करणारी वेदना आहे का? यातलं काहीही असेल तर क्लास शोधणं थांबवा आणि डॉक्टरांकडे परत जा.

नसेल तर आता पेटीकडे बघू. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. बहुतेकांची पेटी मांडीसमोर सरळ नसते, थोडी तिरकी असते. कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे आणि मान तिसरीकडे गायकाकडे. हा पीळ घेऊन तुम्ही दोन-तीन तास बसता. त्यात "ताठ बसा" म्हटलं की माणूस पाठीचे स्नायू आवळून धरतो. आवळलेला स्नायू दमतोच, म्हणून दोन अभंगांत पाठ भरते. तुमची इच्छाशक्ती कमी पडते असं मुळीच नाही. कुठलीही एक स्थिती, कितीही चांगली असली तरी, तासभर धरून ठेवायला शरीर बनलेलं नाही.

घरी वाजवताना कुणाला तरी बाजूने आणि मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पाच मिनिटांचं पुरे. जो कोणी शिक्षक निवडाल त्याला ते आधी दाखवा.

मॉडेल_कॉलनी
पुण्यातच आहात तर दूर शोधायचं कारण नाही. बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली सुरू केलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था शिवाजीनगरला आहे. आणि वादकाचं दुखणं ही त्या परंपरेला नवी गोष्ट नाही. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत गुरुजींना भेटले तेव्हा ते शरीराच्या ताणाने आणि झोपेच्या तक्रारीने त्रासलेले होते. त्या शिकण्याचा त्यांना इतका उपयोग झाला की दोन वर्षांनी त्यांनी गुरुजींना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. पुढे एक घड्याळ भेट दिलं, त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास' अशा अर्थाचे शब्द कोरले होते. जे व्हायोलिन वाजवत नव्हते त्यांना!

मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं ते साहित्य: पट्टे, लाकडी विटा, भिंतीचे दोर, खुर्च्या, लोड. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणतात. तुमच्या आईंनाही खुर्चीच्या आधाराने उभं राहण्याची आसनं करता येतील. दुखणं असलेल्यांसाठी वेगळा वर्ग आहे का ते तिथे विचारा, सरसकट सामान्य वर्गात शिरू नका.

टेम्सकाठी
मी लंडनला असते, हौशी नाटकांत काम करते. अलेक्झांडर टेक्निक इथे नाट्य आणि संगीत विद्यालयांत नेहमीचं आहे, न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्येही शिकवतात. एफ. एम. अलेक्झांडर मूळचे टास्मानियाचे, जन्म १८६९, शेक्सपिअरचे उतारे म्हणून दाखवायचे. मंचावर आवाज बसायचा, डॉक्टरांना घशात दोष सापडेना. मग आरशांसमोर उभं राहून स्वतःला बघत राहिले. लक्षात आलं की बोलायला सुरुवात करतानाच डोकं मागे खेचलं जातं, कंठ दबतो आणि श्वास आवाज करत आत ओढला जातो. पुढचं सगळं काम यावर उभं आहे. कृती सुरू होण्याच्या आधीच्या क्षणी आपण काय आवळतो ते ओळखायचं आणि तिथेच थांबायचं. शिक्षक हाताच्या हलक्या स्पर्शाने ते दाखवून देतात. मला स्वतःला संवादाआधी खांदे वर जातात हे इतकी वर्षं कळलं नव्हतं.

पुरावा विचाराल तर २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवरची चाचणी आली होती. वर्षभरानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत साधारण २१ दिवस दुखत होतं, तर २४ धडे घेतलेल्यांना ३ दिवस. फक्त सहा धडे आणि सोबत चालण्यासारखा व्यायाम घेणाऱ्यांनाही बराचसा फायदा मिळाला. ही कंबरेची चाचणी आहे, खांद्याची नव्हे, तेवढं लक्षात ठेवा. भारतात शिक्षक फार थोडे आहेत, नुसत्या ऑनलाइन धड्यांत तो स्पर्श मिळत नाही.

खांबापाशी
मी शाळेच्या मुलींना खो-खो शिकवतो. खेळाडूंचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहितो. आमच्याकडे चौकात बसलेली मुलगी खो मिळाल्यावर एका क्षणात उठून धावते. ती उठताना गुडघा आत पडतो की पावलाच्या रेषेत राहतो, यावर तिचा हंगाम ठरतो. खांबाजवळ वळताना तेच, सूर मारून उठताना तेच. फुटबॉलवाल्यांची 'फिफा ११+' नावाची साधारण २० मिनिटांची कसरत आहे: धावणं, फळीसारखं आडवं राहणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम, उडी मारून नीट टेकणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तिची मोठी चाचणी झाली, तीही २००८ सालीच प्रसिद्ध झाली. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मी तीच आमच्या मैदानाला जुळवून घेतो आणि सरावाच्या आधी रोज घेतो. सामन्याच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही होत नाही. पालक विचारतात की यात खेळ कुठे आहे. मी त्यांना उडी मारून टेकणाऱ्या मुलीचे गुडघे बघायला सांगतो.

काळी_चार, तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की व्यायाम तुमच्या कामाच्या हालचालीला धरून हवा. पेटी मोटारीतून उचलून काढता ना? दहा-बारा किलोचं ओझं वाकून, एका हाताने? त्याकडेही बघा.

घुंगरू_शंभर
कथक, बारा वर्षं. पिलाटेसने माझी कंबर सावरली. पण शिक्षिकेने आधी माझा तत्कार (कथकातलं पावलांचं काम) बघितला आणि मग व्यायाम ठरवले, म्हणून. त्याआधीच्या क्लासमध्ये सगळ्यांना एकच तक्ता होता, तिथे काही फरक पडला नव्हता.

मधली_आळी
पाठ सरळ ठेवणारा पट्टा मिळतो, तो लावून बघा. भाच्याने घेतला आहे.

वैद्य_नव्हे_फिजिओ
@मधली_आळी, पट्टा लावला की आठवण राहते, काढला की जाते. स्नायूंना काही शिकायला मिळत नाही. पेटी वाजवताना तर खांदा मोकळा हवा, तो अडकेल. मी सुचवणार नाही.

आईंसाठी: खुर्ची थोडी उंच, पावलं गुडघ्यांच्या मागे ओढलेली, नाक पायाच्या बोटांपर्यंत पुढे न्यायचं आणि मगच उठायचं. वयस्कर माणसं मागे रेलूनच उठायला बघतात, म्हणून जमत नाही. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहा. तोल सांभाळण्यासाठी 'ताई ची'चा (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) वर्ग मिळाला तर उत्तम, वयस्कर माणसांचं पडणं त्याने कमी होतं याला चांगला आधार आहे.

काळी_चार
सगळ्यांचे मनापासून आभार. मुंग्या किंवा बधिरपणा नाही. चित्रण करून बघितलं आणि थक्क झालो. भाता ओढताना नाही, तर उजव्या हाताने तान घेण्याच्या आधीच खांदा कानाकडे जातो. टेम्सकाठी म्हणाल्या तसंच. शनिवारी संस्थेत जाऊन चौकशी करतो, चित्रणही नेतो. पेटी यापुढे दोघं मिळून उतरवू. एक राहिलं: बैठक किती उंच घ्यावी? मंचावर नुसती सतरंजी असते.

वैद्य_नव्हे_फिजिओ
गुडघे कमरेच्या हाडापेक्षा खाली जातील इतकी. सतरंजीची घट्ट घडी किंवा पातळ लोड घेऊन त्याच्या पुढच्या कडेवर बसा, मध्यावर नको. तुम्ही वर गेलात की पट्ट्या खाली पडतील, मग वाकाल. म्हणून पेटीखालीही तेवढाच पाट घ्या. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर आलं की उंची बरोबर. आणि दोन पदांच्या मध्ये निवेदन चालू असतं तेव्हा मांडी बदला.