प्रतिसाद: ‘फरांग’ आणि ‘खॅक’

थायलंडमध्ये गोऱ्या परदेशी लोकांना ‘फरांग’ म्हणतात; ही शिवी असून तिच्यामुळेच तिथे येणारे पर्यटक दुरावतात, हे मत मला पटत नाही. हा शब्द आपल्या ‘फिरंगी’चाच भाऊबंद आहे, शिवाय थाई भाषेत पेरूलाही फरांगच म्हणतात, त्यामुळे पेरू खाणारा गोरा दिसला की ‘फरांग फरांग खातोय’ हा विनोद ठरलेलाच. आपल्या वाट्याला ‘खॅक’ येतो, ज्याचा मूळ अर्थ पाहुणा असला, तरी तो भारतीय, अरब आणि मलय अशा सर्वांना सरसकट लावला जातो आणि (पाहुण्याला न शोभेल अशा) तुसड्या सुरातही ऐकू येतो. मात्र 2019 मध्ये जवळपास 4 कोटी असलेली परदेशी पर्यटकांची संख्या 2021 मध्ये सुमारे 4 लाखांवर आली, ती महासाथीतील प्रवासबंदीमुळे. संबोधने तर तेव्हाही हीच होती.