आमच्याकडे सुरंगी फुलली, तुमच्याकडे काय?

रानजाई
आज आतेबहीण वेंगुर्ल्याहून आली ती सुरंगीचा वळेसर घेऊनच. पिशवी उघडली आणि आजी आठवली. माघ सरत आला की परड्यातल्या सुरंगीच्या फांद्यांना कळ्यांचे घोस लगडायचे. ऊन चढायच्या आत कळ्या काढायच्या, फूल उमललं की मधमाश्या झाड सोडत नाहीत. खाली जुनी लुगडी अंथरलेली, वर काका, आणि ओसरीवर आजीची बोटं झरझर चाललेली. सुकलेला वळेसरही टाकायचा नाही, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवायचा. कितीतरी महिने वास टिकायचा. तुमच्या घराभोवती वसंताची चाहूल कशी लागते? लिहा ना.

माळावरचा
साताऱ्याच्या बाजूला भोरड्या. शाळू तयार झाला की थवा उतरलाच. दाणे खातात म्हणून लहानपणी गोफण घेऊन हाकलायचो. आता ओढ्याकाठची काटेसावर फुलली की मुद्दाम जाऊन बसतो. गुलाबी अंग, काळं डोकं, शेकड्यांनी एका झाडावर, काय तो कलकलाट! उन्हाळ्यात परत मध्य आशिया, पूर्व युरोपाकडे जातात म्हणे, एवढासा जीव.

पाटपाणी
हापूस मोहोरला का कुणाचा? आमचा अर्धाच. दुसऱ्या अंगाला तांबूस पालवी.

काजूबोंड
@पाटपाणी पालवी आली त्या अंगाला यंदा आशा धरू नका. मोहोर सांभाळा, मळभ आलं की तुडतुडा वाढतो, पानं चिकट होतात.

पाटपाणी
चिकट झालीच आहेत हो दादा 😔

झाडीपट्टी
आमच्या गोंदियाकडे मोहाची पानं गळतायत. फुलं अजून यायचीत, पण आई आत्ताच झाडाखालचा पाचोळा झाडतेय. पहाटे टपटप आवाज सुरू झाला की टोपल्या घेऊन सगळं घर रानात. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

शेवगा
आई गेल्यापासून गावचं घर बंद आहे. काल शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला, परसातला शेवगा पांढऱ्या फुलांनी भरलाय. आई ती फुलं कांद्यावर परतायची, वर ओलं खोबरं. दुसरं काही सुचत नाहीये.

रानजाई
@शेवगा काकूंना सांगा चार शेंगा तुमच्यासाठी ठेवायला. आणि जमेल तेव्हा जाऊन या गं, दार उघडून बसा जरा.

शेवगा
शिमग्याला जाते. पालखी येईल तेव्हा दार बंद नको.

पुणेकरीण
विषयांतर होतंय, पण महाशिवरात्रीला कवठ हवंय. चटणीत गूळ किती घालता?

माळावरचा
पिकलं असेल तर गराच्या निम्मा. जिरं, मीठ, तिखट. पाट्यावर वाटा.

पुणेकरीण
पाटा कुठला, मिक्सर! 😀

काजूबोंड
ओले काजूगर निघाले आमच्याकडे. उसळ आज.

पाटपाणी
सोलताना हात उततात माझे. काय करता?

काजूबोंड
आधी खोबरेल चोपडा, भरपूर. बिया कोयतीने उभ्या चिरा, गर काडीने काढा, चिकाला बोट लावू नका.