मदत हवी आहे: डिस्नी वर्ल्डचा डायनिंग प्लॅन घ्यावा का?

जाईजुई:
ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये, डिस्नीच्याच हॉटेलात 5 रात्री राहायचं ठरतंय. आम्ही दोघं शाकाहारी. मुलगा 10 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची, ती दोघं चिकन खातात. दारू कोणीच घेत नाही. बुकिंगमध्ये आधीच पैसे भरायचे दोन प्लॅन दिसतात, क्विक सर्व्हिस आणि डिस्नी डायनिंग प्लॅन. परवडतात का? मिकीसोबत एकदा जेवायचंच आहे, मुलीचा हट्ट आहे.

हिशेबनीस:
तुमच्या माहितीवरून सरळ सांगते, घेऊ नका. आता कारणं.

क्विक सर्व्हिसमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची 2 जेवणं आणि 1 स्नॅक मिळतो. दुसऱ्या प्लॅनमध्ये 1 टेबलावरचं जेवण, 1 काउंटरचं आणि 1 स्नॅक. दोन्हींत पेयं पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा, मुक्कामभर वापरायचा एक मोठा कप (मग) मिळतो, पण तो फक्त हॉटेलात भरता येतो, पार्कमध्ये नाही. 2024 मध्ये प्लॅन परत सुरू झाले तेव्हा मोठ्यांचे रात्रीमागचे दर अनुक्रमे 57.01 आणि 94.28 डॉलर होते, 3 ते 9 वयाच्या मुलांचे 23.83 आणि 29.69. नंतर ते वाढलेत, म्हणून बुकिंगच्या पानावरचा आकडा घालून हा हिशेब पुन्हा करा.

मुख्य मेख वयाची आहे. 10 पूर्ण म्हणजे डिस्नीच्या लेखी मोठा माणूस, त्यामुळे मुलाचा पूर्ण दर लागेल. शिवाय खोलीतल्या 3 वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. मुलीपुरता घेऊ म्हटलं तर चालत नाही. 2024 च्या दरांनी चौघांचे 5 रात्रींचे मिळून क्विक सर्व्हिसचे 974.30 आणि दुसऱ्याचे 1562.65 डॉलर होतात.

आता ताटात काय पडतं ते बघा. क्विक सर्व्हिसच्या जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय येतं. 18 डॉलरचा पदार्थ, 5 चं पेय असं दोनदा, वर 7 चा स्नॅक धरला तर 53, साडेसहा टक्के कर धरून साधारण 56. म्हणजे सतत महागातलं मागवलं तर कुठे बरोबरी होते. शाकाहारी पदार्थ 14 च्या आसपास धरा. पेयाऐवजी पाणी घ्या, काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. 6 चा स्नॅक धरला तरी करासकट 36 च होतात. तुम्हा दोघांचे माणशी रोज 20 डॉलर वाया. 21 वर्षांवरच्यांना जेवणासोबत दारूचा एक ग्लास प्लॅनमध्येच येतो, खरी वसुली तिथे होते. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

रानवाटा:
टेबलवाल्या प्लॅनबद्दल थोडी भर. साध्या रेस्टॉरंटात 28 चा पदार्थ, 11 चं गोड, 5 चं पेय धरलं तर 44. त्यात काउंटरचे 23 आणि स्नॅकचे 7 मिळवून करासकट 79 च होतात, प्लॅनच्या 94 च्या खाली. स्टार्टर प्लॅनमध्ये येत नाही. 65 च्या घरातला कॅरेक्टर बुफे (मिकीसारखी पात्रं टेबलापाशी येऊन भेटतात ते जेवण) घेतला तर मात्र 101 होतात. म्हणजे हा प्लॅन रोज कॅरेक्टर बुफे खाणाऱ्यांचा, आणि त्यातही 3 ते 9 वयाची मुलं जास्त असणाऱ्यांचा. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण आणि सिग्नेचर म्हणजे उंची रेस्टॉरंटं 2 क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधली टेबलावरची 2 जेवणं, खातात. सकाळचा बुफे रात्रीपेक्षा स्वस्त असतो, पण क्रेडिट तेवढंच जातं, म्हणून प्लॅनवाल्यांनी रात्री जावं आणि रोख देणाऱ्यांनी सकाळी.

टिप प्लॅनमध्ये नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चौघांचं बुफेचं बिल 240 धरलं तर 18 टक्क्यांनी 43 डॉलर वेगळे द्यावे लागतात.

जाईजुई:
दोघांचेही आभार. मग मिकीचं जेवण वेगळं कसं ठरवायचं? आणि मुक्काम 2026 मध्ये हलवला तर फरक पडेल का?

हिशेबनीस:
2026 च्या मुक्कामांना मोठ्यांनी पॅकेजसोबत प्लॅन घेतला तर 3 ते 9 वयाच्या मुलांचा मोफत आहे. मुलीचे पैसे वाचतील, मुलाचे नाही. तीन मोठ्यांचा तोटा त्याने भरून निघायचा नाही. मुलगा 9 चा असता तर मी उलट सल्ला दिला असता.

मिकीसाठी डिस्नीच्याच कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज हे कॅरेक्टर बुफेचं रेस्टॉरंट बघा. आरक्षण 60 दिवस आधी, ऑरलँडोच्या वेळेने सकाळी 6 ला ऑनलाइन उघडतं. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधी एकाच दिवशी मुक्कामातल्या 10 दिवसांपर्यंतचं आरक्षण करता येतं. म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांतलं आधी शोधा, तिथे गर्दी कमी असते. न जाता ऐनवेळी टाळलंत तर माणशी 10 डॉलर कापतात. बुफेत शाकाहारी काय आहे ते आरक्षणातच लिहा आणि पोचल्यावर शेफला बोलावून विचारा, स्वतः येऊन दाखवतात.

बाकी दिवसांचा नाश्ता बरोबर न्या. पार्कमध्ये बाहेरचं खाणं चालतं, फक्त काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ नको.

रानवाटा:
आणि तरी घेतलाच, तर क्रेडिट रोजची रोज संपवायची गरज नाही. सगळी एकत्र जमा होतात, निघायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात, उरली की बुडतात. डिस्नीच्या ॲपवरून मागवताना पैसे देण्याच्या जागी डायनिंग प्लॅन निवडा. तिथे कार्ड राहिलं तर पैसे कार्डावरूनच जातात.