मदत हवी आहे: मेंदूच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल दिलंय, दादाची ही गुंगी गोळीची की दुसऱ्या कशाची?

नमस्कार, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दादाच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली, आज नववा दिवस. कवटी उजव्या कानशिलापाशी उघडली होती. गाठ साधी निघाली ही देवाची कृपा, पण दुखणं काही हटत नाहीये. "मेंदूला दुखत नाही म्हणे" असं भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो, अहो मेंदूला नसेल दुखत, पण डोक्याची कातडी, कानशिलाचा कापलेला स्नायू, आतलं आवरण हे सगळं दुखतंच ना, त्याला घास चावतानाही कळ येते.

आयसीयूत फेंटानिल (अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक) चालू होतं, अगदी थोडं थोडं. मी चिडून विचारलं की माणूस कळवळतोय तर वाढवत का नाही, तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमनी शांतपणे समजावलं की या जातीच्या औषधांनी गुंगी येते आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि आत रक्तस्राव झाला किंवा सूज वाढली तर ते आम्हाला कळतं शुद्धीवरून आणि बाहुल्यांवरूनच, मग तीच खूण झाकली गेली तर कसं चालेल. शिवाय श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीतला दाब वाढतो. पण दुखणं अंगावर काढू नका, त्याने बीपी चढतं, तेही नको, असंही त्याच म्हणाल्या.

आता घरी आणलंय. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, लेव्हेटिरासिटाम (फिट येऊ नये म्हणून) दोन वेळा, आणि फारच दुखलं तर ट्रामाडॉल (फेंटानिलच्याच जातीची, पण सौम्य गोळी). काल रात्री फार तळमळत होता म्हणून एक दिली, झोपला, आणि मी पहाटेपर्यंत उशाशी बसून श्वास मोजत होते. आज दुपार झाली तरी पेंगतोय. हाक मारली की डोळे उघडतो, ओळखतो, परत झोपतो. मग गोळीचा कागद वाचला तर त्यात लिहिलंय फिट येऊ शकते, आणि दादाला ऑपरेशनच्या आधी फिट आली होती!! दोन वर्षांपासून तो एस्सिटालोप्रामही (नैराश्य-चिंतेवरची गोळी) घेतो, ते डिस्चार्जच्या कागदावर कुठेच नाहीये. पुढची गोळी देऊ का नको? सवय लागेल का? कुणीतरी सांगा प्लीज.

प्रतिसाद

ताई, आधी न्यूरोसर्जरीच्या ड्युटी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा. रात्रीच्या एका गोळीने दुपारपर्यंत पेंग राहतेय तर आजच दाखवायला हवं. उठवायला जड जातोय, उलट्या, एका बाजूचा हातपाय लुळा, बोलणं अडखळतंय, श्वास फार मंद किंवा फिट, यातलं एक जरी दिसलं तरी फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

त्यांनी सांगेपर्यंत ट्रामाडॉल देऊ नका. त्याने फिटचा धोका वाढतो आणि एस्सिटालोप्रामबरोबर सेरोटोनिनही (शरीरातलं एक रसायन) प्रमाणाबाहेर वाढू शकतं, त्याच्या खुणा म्हणजे घाम, थरथर, अस्वस्थपणा, ताप. हे दोन्ही मुद्दे फोनवर स्वतःहून सांगा, कागदावर नाही म्हणजे त्यांना माहीतच नसणार. एस्सिटालोप्राम आणि लेव्हेटिरासिटाम मात्र मनाने बंद करू नका. घरातली दुसरी पेनकिलरही नको, बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सवयीचं म्हणाल तर डॉक्टरांच्या देखरेखीत थोडे दिवस घेतलं तर ती भीती फार कमी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने डोक्यातला दाब वाढतो. आणि स्ट्रिप उलटी करून वाचा, ट्रामाडॉलच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं.

धागा काढणारी

खूप खूप आभार. लगेच बोलावलं, सीटी केला, आत रक्तस्राव नाही. ट्रामाडॉल बंद केलंय, आजची रात्र तिथेच ठेवून घेतलंय, दुसरं औषध त्यांच्या नजरेखाली देणार आहेत. एस्सिटालोप्राम कागदावर लिहून घेतलं, समोर उभी राहून. आणि हो, स्ट्रिप वाचली, ट्रामाडॉलच्या त्या गोळीत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल होतंच. मी रोजचे ४ ग्रॅम आधीच देत होते, म्हणजे पॅरासिटामॉल ठरलेल्यापेक्षा जास्तच गेलं.