घरी जोडलेला कॉम्प्युटर बिघडला, दुखणं कुठं सापडलं? तुमचे अनुभव लिहा

आर्वी तालुका, वर्धा
सीताबर्डीतून एकेक पार्ट आणून मशीन जोडलं. महिनाभरात ते आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं. कधी दिवसातून तीनदा, कधी एकदाही नाही. रॅम काढून खोडरबरनं तिची सोनेरी टोकं पुसली, एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली, विंडोज नव्यानं टाकलं, वर नवी रॅमही घेतली. एसएमपीएससाठी, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, पैसे जमवत होतो, तर आई चुलीपासून म्हणाली, "गिरणी सुरू झाली का तुझं डबडं बंद पडते."

शेजारी पिठाची गिरणी आहे. मल्टीमीटर लावून बसलो. मोटर उचलली की 225 व्होल्टवरून आकडा 160 च्या खाली. चांगल्या एसएमपीएसमधला कॅपॅसिटर वीज तुटल्यावरही साधारण 16 मिलीसेकंद मशीन तगवतो. माझा स्वस्तातला होता, आणि गिरणीची मोटर काही 16 मिलीसेकंदात उचलत नाही.

तर सांगा, तुमचं दुखणं शेवटी पार्टात निघालं की भिंतीत? कोणता पार्ट उगाच बदलला तेही लिहा. लाजू नका, माझी जुनी रॅम अजून कपाटात आहे.

दारव्हा तालुका, यवतमाळ
काय सांगू राजेहो, माह्या मशीनले कापसानं मारलं. भाव येईन म्हून दोन महिने कापूस त्याच खोलीत भरून ठेवला होता. गेम लावला का दहा मिनिटात बंद. प्रोसेसरचं टेम्परेचर पाह्यलं तर 98! त्याच्यावरची थर्मल पेस्ट बदलली, काई फरक नाई. वरून फॅन एकदम साफ दिसे. मंग फॅनच काढला, तं खाली हीटसिंकवर, म्हंजे प्रोसेसरची गरमी ओढणाऱ्या पट्ट्यायवर, गादी! भिंगरीनं तंतू ओढून ओढून पक्का नमदा केला होता. हातानं सोलून काढला. आता गेम बंद असतो तवा 45, गेममधी 70 च्या आसपास. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, नाई तं गरगर फिरून बेअरिंग जाते. माहा एक तसाच गेला.

वडसा, गडचिरोली
आमचं प्रकरण मुंग्यांचं. कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येत, टेस्टर लावला तर पेटे. मला वाटलं आत वायर सोलली आहे. सगळं खोललं, मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफसुद्धा मोजले. काही नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा, म्हणून झटका नाही, मुंग्या. आमच्या बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं! अंगणात खड्डा केला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. मे महिन्यात जमीन भेगाळते तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओततो. मुंग्या गेल्या, आणि हेडफोनमधली घूं घूंही गेली, तिचा तर मी विचारच केला नव्हता.

पुसद
वरच्यांना जोडून. काही वायरमन अर्थिंगच्या जागी न्यूट्रललाच जोड देऊन जातात. टेस्टर विझतो, गिऱ्हाईक खूश. बाहेर न्यूट्रल तुटला की तीच बॉडी पूर्ण फेजवर येते. असा जोड दिसला तर आधी तो काढा.

मोर्शी, अमरावती
माझी गोष्ट दोन ओळींची. आय5 12400एफ घेतला, केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली, दोन दिवस काळा स्क्रीन पाहत बसलो. 'एफ' म्हणजे प्रोसेसरात ग्राफिक्स नाही. केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची होती.

अकोट, अकोला
फॉर्मची शेवटची तारीख आणि एकही साइट उघडेना, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. नेटवाल्याला फोनवर बरंच ऐकवलं. मग खाली कोपऱ्यात तारीख दिसली, कित्येक वर्षं मागची. मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला होता. घड्याळवाल्याकडून नवा आणला, तारीख लावली, फॉर्म भरला.

मशीन बंद असलं तरी बोर्डाचं बटन चालू असेल तर घड्याळाला एसएमपीएसकडून वीज मिळते आणि सेल वाचतो. आमच्याकडे आबा रात्री सगळी बटनं बंद करतात, शिवाय लाइन जाते ती वेगळीच. सेल जरा लवकर संपला तर नवल काय! नेटवाल्याची माफी मागितली. तो म्हणे, "सवय आहे."

ब्रह्मपुरी, चंद्रपूर
इथल्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. मशीन गरम होतं म्हणून कूलर थेट त्याच्याकडे वळवला. तीन आठवड्यांत पोर्टवर पांढरा थर, स्क्रूंना गंज, सुरू केलं की नुसते बीप. वाळ्यातून येणारी ती हवा ओली, बोअरचं पाणी खारं. रॅमची टोकं पुसून ते सुरू झालं, पण एक यूएसबी कायमचा गेला. आता कूलर खिडकीत, मशीन समोरच्या कोपऱ्यात, कॅबिनेटचं झाकण उघडं.

आर्वी तालुका, वर्धा
दारव्हाकर, तुमचा किस्सा वाचून मी पण फॅन काढून पाहिला. गादी नाही, पीठ निघालं! बॅटरीवाला यूपीएस घ्यायचा तो कापूस विकल्यावर. तोवर गिरणीवाले काका मोटर सुरू करायच्या आधी भिंतीवर दोनदा थापटतात आणि मी फाइल सेव्ह करतो.