पुराच्या दिवशी साईटवर गर्दी, कमाई मात्र चिल्लर. असं का?

वाळव्याचा_गडी:
मंडळी, आम्ही दोघं मित्र फुकट बातम्यांची वेबसाइट चालवतो, सगळं जाहिरातींवर. मागच्या पुरात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी तासातासाला टाकत होतो, एवढी माणसं आली की साईट झोपली, पण डॅशबोर्ड बघितला तर कमाई रोजच्यापेक्षा जेमतेम वर. जाहिरातवाले कट मारतात का काय? होस्टिंगचं बिल मात्र टायमावर येतं.

मिरज_जंक्शन:
कट उघडच आहे की भावा, ॲडसेन्स, म्हणजे साईटवर जाहिराती लावणारी गुगलची सेवा, जाहिरातीतले साधारण ६८ टक्के साईटवाल्याला देतं, तेही १०० डॉलर साठल्यावर. गोम वेगळीच आहे. प्रत्येक जाहिरातीच्या जागेला बोली लागते, आणि पूर, अपघात, खून असल्या बातमीशेजारी आपलं नाव नको म्हणून मोठ्या कंपन्या असले शब्दच ब्लॉक करतात, मग बोली लावायला उरतं कोण? त्यात २०२४ पासून क्लिकवर नाही तर जाहिरात दिसण्यावर पैसे, आणि तुझा वाचक ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका, आता किती एवढंच बघून बंद करणार, खाली स्क्रोल करतोय कोण? वर एक जण स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकतो, मग बाकीच्यांना साईटवर यायची गरजच नाही.

हळद_सौदा:
बरोबर. पुरानं वाचक मिळतात, पैसे नाहीत. पैसे पेठेत आहेत, दुकानदाराकडं जा. गणपती, दिवाळी, नवीन दवाखाना, शोरूम असल्या जाहिराती थेट घे, मधे कोणी नाही. फक्त ॲडव्हान्स घेतल्याशिवाय बॅनर लावू नको. नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर लै येतात, कार्यकर्ते मागं लागून लावून घेतात आणि नंतर फोनच उचलत नाहीत, आमच्याकडं एकाचे पैसे अजून यायचेत. आणि टेंडर नोटिशीच्या नादाला लागू नको, त्या छापील पेपरलाच जातात. पॉपअपनं पान भरायचं तर अजिबात नको, माणूस परत येत नाही.

वाळव्याचा_गडी:
स्क्रीनशॉटचं तर डोक्यातच आलं नव्हतं राव, फोटोवर साईटचं नाव टाकतो आता. पण दुकानदाराला रेट कसा सांगायचा, क्लिकवर का महिन्यावर?

हळद_सौदा:
महिन्यावर. क्लिकचा हिशोब सांगत बसलास तर चहा पाजून वाटेला लावतील. आणि त्याच्या दुकानाचा फोटो जाहिरातीत असू दे, त्याला तोच बघायचा असतो.