अकरा वर्षाचा पोट्टा जीटीए फाईव्ह मागून राहिला, द्यावा का?

मानेवाडा_८९
नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे. सुट्ट्या लागल्यापासून एकच धोशा लावलाय, जीटीए फाईव्ह हा गुंडगिरीचा, गाड्या पळवायचा गेम पाहिजे, वर्गातले सगळेच खेळतात म्हणतो. बाहेर ४५ डिग्री तापून राहिलं, दुपारी ग्राउंडवर पाठवता येत नाही, कूलरसमोर बसून पोरगा करणार तरी काय. गेमवर १८ प्लस लिहिलंय हे मला माहीत आहे. पण मी स्वतः आठवीत असताना जीटीएचाच जुना गेम व्हाईस सिटी खेळलो, तोही मोठ्यांचाच गेम होता ना? सायबर कॅफेत तासाचे पैसे भरायचे, वहीच्या मागच्या पानावर चीट कोड उतरवून न्यायचे, पँझर टाईप केलं की रस्त्यात रणगाडा उभा आणि बाजूच्या कॉम्प्युटरवरची पोट्टी उठून आपल्या खुर्चीमागे गोळा. आमच्या बाबांना या गेमचं नावही माहीत नव्हतं, आणि आता तेच आजोबा होऊन म्हणतात नातवाला असलं काही देऊ नको. बायकोही नाहीच म्हणते. मी खेळलो, माझं काही बिघडलं नाही, मग त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांनी सांगा.

रेशीमबाग_वाला
भाऊ व्हाईस सिटी अन फाईव्हची बरोबरी लावूच नका. व्हाईस सिटी २००२ चा गेम, माणसं ठोकळ्यासारखी, गोळी लागली तरी खेळणं पडल्यासारखं वाटे. फाईव्हमध्ये एक मिशन आहे, एका माणसाले खुर्चीत बांधून छळायचं राहते, पक्कड घ्यायची का करंट द्यायचा ते खेळणाऱ्यानंच निवडायचं, अन दात उपटायचा तर ते आपल्याच हातानं कंट्रोलर हलवून उपटा लागते. स्टोरीत पुढं जायचं तर ते मिशन येतेच. मी चांगला नोकरीले लागल्यावर खेळलो तरी पोटात कसंतरी झालं मले. त्यात २०१४ च्या व्हर्जनपासून फर्स्ट पर्सन आलं, म्हणजे सगळं स्वतःच्या डोळ्यानं पाहून राहिल्यासारखं. अकरा वर्षाच्या पोट्ट्याले नका देऊ, माझं तरी हेच म्हणणं आहे.

सईची_आई
मला रक्तापेक्षा व्हॉइस चॅटची भीती जास्त वाटते. आमचा मोठा तेरा वर्षांचा, तो मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी हा आला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा केला, अठराच्या खालच्यांना दिवसाला तीनच तास, असे नियमही आले. पण मुलांनी जन्मसाल २००० टाकलं की नियम संपले. एका दुपारी त्याच्या हेडफोनची वायर निघाली आणि मोबाईलचा आवाज हॉलभर झाला. चांगली बाप्या माणसं, आवाजावरून कळतं ना, या पोरांना आईबहिणीवरून शिव्या देत होती आणि त्यातलाच एक जण माझ्या मुलाला विचारत होता कोणत्या शाळेत जातो, आत्ता घरी कोण आहे. माझे हातपाय गार पडले. त्याच दिवशी चॅट बंद केलं, आता फक्त बिल्डिंगमधल्या मुलांशीच खेळायचं आणि ते पण हेडफोन न लावता. दादा तुमच्या व्हाईस सिटीत कोणी अनोळखी माणूस तुमच्याशी बोलत नव्हता, हा फरक लक्षात घ्या. जीटीएचा ऑनलाइन भाग तर अख्खा अनोळखी लोकांचाच आहे.

महालचे_काका
मी निवृत्त शिक्षक. आमच्या मुलासाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, ९९९९ इन १ कॅसेट, त्यात काँट्रा. तेव्हाही शेजारचे म्हणत की बंदुकीचे खेळ पोराला बिघडवतील. प्रत्येक पिढीत हे होतं. अमेरिकेत १९९३ साली मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेमवरून थेट सिनेटमध्ये सुनावणी झाली, त्यातून १९९४ मध्ये वयाचे शिक्के मारणारी ईएसआरबी संस्था निघाली. पुढे २०११ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला आणि अशा गेममुळे मुलं आक्रमक होतात हे अभ्यासांतून सिद्ध होत नाही असं म्हटलं. म्हणून पोरगा गुंड होईल ही भीती मला नाही. पण तेव्हा घरात टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. सात वाजता सह्याद्रीच्या बातम्या लागल्या की गेमची वायर निघायची. मुलगा काय खेळतो, कोणासोबत खेळतो, कुठे अडलाय, हे त्याच्या आजीलासुद्धा ठाऊक असे. आता दार लावून, कानाला हेडफोन लावून चालतं सगळं. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, गेमला तसं सरकारी बोर्ड नाही, डब्यावरचा आकडा बाहेरच्या देशाचा असतो. तेव्हा पाहायचं कोणी, तर घरच्यांनीच. कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवा, दार नसलेल्या जागी.

हिंगणा_रोड_इंजिनिअर
मी सेकंड इयरला आहे, पाचवीत असताना आतेभावाकडे फाईव्ह खेळलोय म्हणून पोराच्या बाजूने सांगतो. दादा त्याला एकदा नीट विचारा ना की त्यात तुला काय करायचंय. आम्ही चौघं भाऊ एक मिशन पूर्ण करत नव्हतो, नुसत्या गाड्या पळवायच्या, डोंगरावरून बाईक सोडायची, पोलीस मागे लावून घ्यायचे अन लपायचं. बहुतेक पोट्ट्यांना तेच पाहिजे असतं. तसं असेल तर फोर्झा होरायझन फाईव्ह हा गाड्यांचा गेम पाहा, मेक्सिकोत आहे, मोकळा मॅप, कितीही फिरा, अन युरोपातलं रेटिंग ३ प्लस. नुसतं नाही म्हणाल तर तो मित्राकडे जाऊन खेळेल अन तुम्हाला सांगणारही नाही, हे मी खात्रीने सांगतो.

मानेवाडा_८९
सगळ्यांचे आभार. ते दात उपटायचं मिशन मला माहीतच नव्हतं, काल यूट्यूबवर पाहिलं आणि मधेच बंद केलं. पोट्ट्याला विचारलं तर तो खरंच म्हणाला, बाबा मला फक्त लाल गाडी घेऊन समुद्राकडे जायचंय. फाईव्ह आता नाही, दहावीनंतर पाहू असं त्याला सांगितलं, रडला थोडा. काका, कॉम्प्युटर आजोबांच्या दिवाणाशेजारी हलवतोय. फोर्झा ८ जीबी रॅमवर चालेल का? पीसी जुना आहे.

हिंगणा_रोड_इंजिनिअर
८ जीबी रॅमवर चालते, सगळ्या सेटिंग लो ठेवा. पण ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं लागेल, जीटीएक्स ९७० च्या तोडीचं, अन डिस्कवर ११० जीबी जागा रिकामी ठेवा. कार्डाचं नाव इथं टाका, सांगतो. अन त्याचं मायक्रोसॉफ्टचं अकाउंट बनवताना खरं जन्मसाल टाकून त्यातल्याच तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये जोडा, चॅट तिथूनच बंद करता येतं.